गाव वर, नदी खाली : लोणावळ्याचं सांडपाणी आणि इंद्रायणी

लोणावळ्याचं नाव घेतलं की चिक्की, धुकं आणि भुशी डॅम आठवतो. आज आपण त्याच गावाच्या सांडपाण्याबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून एखाद्याच्या कपाळावर आठी आली असेल तर तेही साहजिक आहे. पण या विषयाला इतिहास आहे, आणि तो न कळल्यामुळे आज आपण नदीबद्दल जे वाद घालतो ते बरेचसे अर्धवट राहतात.

सुरुवात भाज्यापासून करू. मळवलीला उतरून भाजे लेण्यांकडे गेलात तर तिथे खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या दिसतात. त्यातल्या एका टाकीवर ब्राह्मी लिपीत दानाचा लेख आहे : महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही पोढी दिली. पोढी म्हणजे पाण्याची टाकी. मावळातलं हे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं सार्वजनिक पाणीपुरवठ्याचं काम, आणि ज्याने ते केलं त्याचं नाव दगडात कोरलेलं. पाणी आणून देणाऱ्याचं नाव आपल्याकडे राहतं. विहिरीवर राहतं, पाणपोईवर राहतं, धरणाच्या कोनशिलेवर राहतं. वापरलेलं पाणी नीट वाटेला लावणाऱ्याचं नाव कोरलेलं आम्हाला तरी कुठे दिसलेलं नाही. आजचं बोलणं या फरकाबद्दल आहे. गेल्या दीडशे वर्षांत लोणावळ्यात पाणी आणण्याची आणि पाणी बाहेर नेण्याची मोठमोठी कामं झाली. घराघरांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा विचार मात्र सगळ्यात शेवटी आला.

पाणी कुठून कुठे जातं

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. लोणावळ्याच्या पश्चिमेला घाट संपतो आणि खाली कोकण. कुरवंड्याच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते. समुद्र इथून डोळ्यांच्या टप्प्यात म्हणावा इतका जवळ, पण ही नदी पाठ फिरवून पूर्वेला निघते. लोणावळा, कार्ला, कामशेत, मग देहू, मोशी, आळंदी आणि तुळापूरला भीमेत. पुढे भीमा उजनीच्या जलाशयात, तिथून पंढरपूरला. म्हणजे लोणावळ्यातल्या मोरीतलं पाणी, देहू आणि आळंदी करत पंढरपूरच्या दिशेनेच निघालेलं असतं. वारकरी जमिनीवरून जातो, पाणी नदीतून जातं. दोघांचं जायचं गाव एकच.

मधल्या पट्ट्यात मावळची भातशेती आहे. ज्या तांदळाला आपण इंद्रायणी म्हणतो तो वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, १९८७ मध्ये. नदीचं नाव तांदळाला दिलं, इतकी ती नदी तिथल्या माणसाच्या जेवणात आहे.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की लोणावळा खोऱ्याच्या डोक्यावर बसलेलं गाव आहे. त्याच्या वर कुणी नाही, खाली सगळे आहेत. वरच्या गावाला नदीचा त्रास होत नाही. त्याने नदीला दिलेला त्रास खालच्याला होतो. सांडपाण्याच्या राजकारणातली सगळ्यात अवघड गाठ हीच आहे, तिच्याकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

रेल्वेने वसवलेलं गाव

आजचं लोणावळा हे रेल्वेचं लेकरू. जी.आय.पी. रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, आणि बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये पूर्ण होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले. घाट चढून आलेल्या इंजिनांची देखभाल, कोळसा, पाणी, कर्मचाऱ्यांच्या चाळी, साहेबांचे बंगले असं सगळं लोणावळ्यात उभं राहिलं. आज लोक ज्या भुशीच्या पायऱ्यांवर भिजायला जातात, तो बांध वाफेच्या इंजिनांना पाणी लागतं म्हणून रेल्वेने बांधलेला. १८७७ मध्ये इथे नगरपालिका स्थापन झाली. १९०१ च्या जनगणनेत गावाची वस्ती साडेसहा हजारांच्या आसपास होती.

त्या काळात मैल्याचं काय व्हायचं? मुंबई इलाख्यातल्या बहुतेक लहान गावांत जे व्हायचं तेच. टोपलीचे संडास, मैला उचलून नेणारी माणसं, गावाबाहेरचे खड्डे, आणि त्यातून तयार होणारं सोनखत. ही व्यवस्था चांगली होती असं कुणी म्हणू नये. ती जातीच्या जोरावर चालत होती. काही माणसांच्या डोक्यावर गावाचा मैला लादून बाकीचे स्वच्छ राहत होते. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचे कायदे यायला १९९३ आणि २०१३ साल उजाडावं लागलं, यावरून तिची मुळं किती खोल होती ते कळतं.

पण पाण्याच्या दृष्टीने त्या व्यवस्थेतली एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. मैला बहुतांशी जमिनीत जायचा, नदीत नाही. घरात नळ आला, मागोमाग फ्लशचा संडास आला, आणि मैल्याचं मैलापाणी झालं. टोपलीत मावणारी वस्तू आता हजारो लिटर पाण्यात मिसळून वाहायला लागली. वाहतं ते उताराने जाणार, आणि लोणावळ्यातला उतार शेवटी इंद्रायणीकडे. थोडक्यात, माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, ते रास्तच झालं, पण ते नदीच्या डोक्यावर गेलं.

डोंगरातलं पाणी पश्चिमेला

आता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊ. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि खाली खोपोलीला पाचशे मीटरहून अधिक उतार मिळतो. जमशेटजी टाटांच्या डोक्यातली ही कल्पना त्यांच्या मागे प्रत्यक्षात आली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज जाऊ लागली. लोणावळा, वळवण आणि शिरवता हे तलाव त्याच योजनेतले. पावसाळ्यात साठवलेलं पाणी वर्षभर थोडं थोडं करून घाटाखाली सोडायचं, जनित्रं फिरवायची, आणि ते पाणी पाताळगंगेला मिळायचं.

अभियांत्रिकी म्हणून हे काम थोरच आहे. पण नदीच्या बाजूने पाहा. जे पाणी पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात गेलं असतं, त्यातलं बरंचसं पश्चिमेला वळलं. पावसाळ्यात काही जाणवत नाही, कारण तेव्हा पाणी सगळीकडून ओसंडत असतं. फरक पडतो दिवाळीनंतर. झरे आटत जातात, वरच्या खोऱ्यातलं पाणी तलावांत अडलेलं असतं, आणि नदीत तिचं स्वतःचं पाणी फार थोडं उरतं. गाव मात्र बारा महिने पाणी वापरतं आणि बारा महिने सोडतं. मार्च-एप्रिलमध्ये लोणावळ्याजवळच्या ओढ्यात जे वाहताना दिसतं त्यात डोंगराचं किती आणि मोऱ्यांचं किती, हा प्रश्न तिथे उभं राहून विचारायला हवा.

मँचेस्टर १९१४

याच सुमारास, म्हणजे खोपोलीची वीज मुंबईला पोहोचण्याच्या आदल्या वर्षी, तिकडे मँचेस्टरमध्ये एक प्रयोग जाहीर झाला. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे तिथल्या मैलापाणी केंद्रात काम करत. मैलापाण्यात हवा सोडत राहिलं की ते हळूहळू निवळतं, हे आधीच माहीत होतं. पण त्याला पाच-सहा आठवडे लागत. या दोघांनी काय केलं, तर निवळलेलं पाणी ओतून टाकलं आणि तळाशी बसलेला गाळ फेकून न देता तसाच ठेवला. त्याच गाळावर नवीन मैलापाणी घेतलं. असं पुन्हा पुन्हा केल्यावर आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत व्हायला लागलं. कारण तो गाळ म्हणजे जिवाणूंची वाढलेली फौज होती. आपल्याकडे दही लावताना कालच्या दह्याचं विरजण ठेवतात, तसंच हे. जगभरातल्या बहुसंख्य मोठ्या मैलापाणी केंद्रांचा पाया आजही हेच तत्त्व आहे.

या दोघांना दिशा देणारे रसायनशास्त्रज्ञ होते गिल्बर्ट फाउलर. ते १९१६ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले. ही संस्थाही जमशेटजींच्याच देणगीतून उभी राहिलेली. पुढच्या काही वर्षांत जमशेदपूरच्या पोलाद नगरीत या पद्धतीचं केंद्र उभं राहिलं. मुंबईतही हा विषय नवा नव्हता. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये चार्ल्स जेम्स या अभियंत्याने मैला कुजवण्याच्या टाकीवरचा वायू गोळा केला होता, आणि पुढे त्या वायूवर इंजिन चालवल्याची नोंद आहे.

हे सगळं सांगण्याचं कारण इतकंच, की विद्या उपलब्ध नव्हती असं म्हणायला जागा नाही. शंभर वर्षांपूर्वी ती या देशात होती, आणि जिथे ती पोहोचली त्यातल्या काही संस्था लोणावळ्यात धरण बांधणाऱ्या उद्योगसमूहाशीच जोडलेल्या होत्या. मोठ्या शहराला आणि कारखान्याच्या वसाहतीला ती मिळाली. लहान गावाच्या वाट्याला ती फार उशिरा आली.

एका घागरीला किती घागरी?

आता थोडं गणित. घाबरू नका, घागरीचंच आहे.

पाणी किती घाण आहे हे मोजण्याचं नेहमीचं माप म्हणजे बीओडी. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू ओढून घेतील, त्याचा हा आकडा. घरगुती मैलापाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो, आपण २५० धरू. स्वच्छ नदीचा २ धरू. आंघोळीला योग्य नदीसाठी आपल्याकडची मर्यादा ३ आहे. आता एक घागर मैलापाणी नदीत ओतलं, तर नदीने ३ च्या आत राहण्यासाठी किती घागरी स्वच्छ पाणी हवं? हिशोब केला तर जवळपास अडीचशे घागरी. श्रावणात इंद्रायणीकडे त्या असतीलही. चैत्रात कुठून आणणार?

तेच मैलापाणी केंद्रातून जाऊन १० मिलिग्रॅमवर आलं, तर सात घागरी पुरतात. अडीचशेवरून सात. सांडपाणी केंद्र नदीचं रक्षण करतं म्हणजे नेमकं काय करतं, ते या दोन आकड्यांत आहे.

इथे इतिहासाचा आणखी एक धागा आहे. ब्रिटनमध्ये मैलापाण्यावर एक शाही आयोग १८९८ ते १९१५ असा काम करत होता. त्याने १९१२ मध्ये जे मानक सुचवलं ते २० मिलिग्रॅम बीओडीचं. पुढे ते जगभर नमुना म्हणून वापरलं गेलं. पण त्यात एक अट होती : नदीत सोडलेल्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत असायला हवं. पाच दिवसांची चाचणी ठरवली, त्यामागेही ब्रिटिश नद्यांचं पाणी तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळतं हा विचार होता असं सांगितलं जातं. आपल्याकडे चाचणीचं तापमान आणि दिवस नंतर बदलले, आता ती २७ अंशांवर तीन दिवसांची असते. पण आठपट पाण्याची अट उन्हाळ्यातल्या आपल्या नद्यांना कधीच लागू पडत नव्हती. लोणावळ्यासारख्या ठिकाणी, जिथे वरचं पाणी घाटाखाली वळवलेलं आहे, तिथे तर नाहीच. म्हणून अशा गावाचं केंद्र बरं चालतंय एवढं पुरत नाही, ते फार चांगलं चालावं लागतं. उन्हाळ्यात त्यातून बाहेर पडणारं पाणी हाच नदीच्या प्रवाहाचा मोठा भाग असू शकतो.

केंद्राच्या आत

२०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या सुमारे ५७ हजार होती. भुयारी गटार असलेल्या गावाला माणशी १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं. म्हणजे रोजचं साधारण ६२ लाख लिटर. हा झाला घरच्या माणसांचा हिशोब. शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात जे पाहुणे येतात, त्यांचं पाणी वेगळं.

केंद्रात शिरलेलं पाणी आधी जाळीतून जातं. तिथे प्लॅस्टिक, चिंध्या, फुलं, गुटख्याच्या पुड्या अडकतात. मग वाळू खाली बसवतात. मग मोठ्या टाकीत तळातून हवेचे बुडबुडे सोडतात. मँचेस्टरची गोष्ट इथे घडते : जिवाणू घाण खातात, वाढतात, त्यांचे गोळे होतात. मग हवा बंद केली किंवा पाणी दुसऱ्या टाकीत नेलं की ते गोळे खाली बसतात. वरचं निवळलेलं पाणी क्लोरिन देऊन बाहेर. खालचा थोडा गाळ विरजण म्हणून परत, बाकीचा वाळवायला. या सगळ्यात सर्वांत जास्त वीज खातो तो हवा फुंकणारा ब्लोअर. तो बराच वेळ बंद राहिला की जिवाणू गुदमरून मरायला लागतात, आणि पुन्हा घडी बसायला दिवस लागतात. केंद्र हे यंत्र कमी आणि गोठा जास्त आहे. गोठ्याला सुट्टी देता येत नाही.

आता ६२ लाख लिटर आणि २५० मिलिग्रॅम यांचा गुणाकार केला तर दिवसाला सुमारे १५५० किलो प्राणवायूची मागणी होते. निरोगी नदीच्या एका लिटर पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एवढं मैलापाणी तसंच सोडलं, तर रोज १९ कोटी लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवण्याची त्याची ताकद आहे. नदीत मासे का दिसत नाहीत, याचं उत्तर पुष्कळदा एवढं साधं असतं. केंद्रातून नीट जाऊन आलं, तर हीच मागणी ६२ किलोवर येते.

जे केंद्रापर्यंत पोहोचत नाही

पण समजा, केंद्र उत्तम आहे आणि गावातलं निम्मंच पाणी तिथे पोहोचतं. उरलेलं निम्मं थेट नाल्यात जातं. मग काय होईल? नाल्यातून ७७५ किलो, केंद्रातून ३१. एकूण ८०६. केंद्राचा अहवाल पहिल्या नंबराने पास, आणि नदी मात्र नापासच. वर्तमानपत्रात केंद्राच्या उद्घाटनाचा फोटो येतो, घरापासून चेंबरपर्यंतच्या दहा फुटांच्या पाइपाचा येत नाही. खरी लढाई त्या दहा फुटांची आहे. रस्ता खोदायचा, शेजाऱ्याची हद्द, जोडणीचा खर्च कुणी द्यायचा, यात वर्षं जातात.

मावळात तर जमीनही अवघड. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. बंगल्याखाली सेप्टिक टँक आणि शोषखड्डा केलेला असतो, पण पावसाळ्यात जमीनच पाण्याने भरलेली, शोषणार काय? टाकीतलं पाणी वर येऊन ओढ्याला लागतं. भुयारी गटारात पावसाचं पाणी घुसलं की केंद्रावर पेलवणार नाही इतका लोंढा येतो, आणि तो वळवून सोडून द्यावा लागतो. शिवाय साबणातला आणि मैल्यातला फॉस्फरस नेहमीच्या केंद्रात पुरेसा निघत नाही. जलपर्णीला तो खतासारखा लागतो. इंद्रायणी आणि पवनेवर उन्हाळ्यात जो हिरवा गालिचा पसरतो, त्याचं पोषण या पाण्यातून होतं.

जिथे भुयारी गटार पोहोचायला वेळ लागणार, तिथे काय करायचं, याचं उत्तर शेजारच्या साताऱ्यात सापडतं. कृष्णाकाठचं वाई, वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास. गावभर सेप्टिक टँक. टाकी भरून वाहायला लागली की गाडी बोलवायची, ही आपली सगळ्यांची रीत. वाईने ती उलटी केली. वॉर्ड ठरवून, पाळीपाळीने, तक्रार येण्याची वाट न बघता दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची, त्याचा खर्च स्वच्छता करातून काढायचा, आणि उपसलेला मैला २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात न्यायचा. त्या केंद्राची क्षमता दिवसाला ७० हजार लिटर. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही अशीच पाळी लावली. यात डोळे दिपवणारं काही नाही. वेळापत्रक आहे, गाडी आहे, आणि पैशाची सोय आहे. गाळाने भरलेली टाकी मैला अडवत नाही, नुसता पुढे ढकलते. रिकामी केलेली अडवते, इतकं साधं तत्त्व.

कायदा काय म्हणत आला

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा केंद्राच्या पाच वर्षं आधी केला, १९६९ मध्ये. सप्टेंबर १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा कायदा १९७४ चा, तो राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. म्हणजे कायद्याच्या बाबतीत आपण मागे नव्हतो.

लहान नगरपालिकांचं नेहमीचं उत्तर असतं, पैसे नाहीत. या उत्तरावर १९८० मध्येच निकाल लागलेला आहे. मध्य प्रदेशातलं रतलाम. उघड्या गटारांना कंटाळून रहिवासी न्यायालयात गेले. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे निधी नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की निधी नाही ही सबब सार्वजनिक स्वच्छतेच्या कर्तव्यातून सुटका देत नाही. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांना मैलापाणी केंद्रं उभारायला तीन वर्षांची मुदत घालून दिली. आणि २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५३ महाराष्ट्रात होते. सगळ्या राज्यांत जास्त. इंद्रायणीचा मोशी-आळंदीचा पट्टा त्या यादीत आहे.

रतलामचा निकाल बरोबरच आहे. पण एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. केंद्र बांधायला सरकारी योजनेतून पैसे मिळतात, ते चालवायला गावाला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात. वीजबिल, रसायनं, कर्मचारी, दुरुस्ती, दरमहा, कायमची. लोणावळ्याने स्वच्छ सर्वेक्षणात लहान शहरांच्या गटात २०२० मध्ये तिसरा आणि २०२१ मध्ये दुसरा क्रमांक मिळवला. रस्ते झाडणं, कचरा वेगळा करणं यात हे गाव मागे नाही, हे त्यातून दिसतं. पण कचरा डोळ्यांसमोर असतो, त्याची शाबासकी गावातच मिळते. सांडपाण्याची शाबासकी मिळाली तर ती खालच्या गावात मिळते.

खर्च वरचा, फायदा खालचा

आणि इथे आपण सुरुवातीच्या गाठीपाशी येतो. लोणावळ्याच्या केंद्रावर लोणावळ्याचा करदाता पैसे घालणार. फायदा कुणाचा? कामशेतच्या शेतकऱ्याचा, देहूला नदीवर जाणाऱ्याचा, आळंदीला कार्तिकीला स्नान करणाऱ्याचा. पिंपरी-चिंचवडचाही, कारण आंद्रा धरणातून इंद्रायणीत सोडलेलं पाणी निघोजे बंधाऱ्यावर उचलून चिखलीच्या केंद्रात शुद्ध करून शहराला दिलं जातं. आळंदीत नदीवर फेस तरंगल्याचे फोटो गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी पाहिले. तो फेस काही एकट्या लोणावळ्याचा नाही. मधल्या गावांचा, वसाहतींचा, कारखान्यांचा आणि सगळ्यात मोठा वाटा खालच्या वाढत्या शहरी पट्ट्याचा आहे. पण नदी हिशोब वेगळा ठेवत नाही. वरून येताना तिच्यात जितका दम शिल्लक असेल, तितकीच ती खालचं सोसते.

मावळच्या माणसाला पाण्याचे उपदेश सहज पचत नाहीत, आणि त्याला कारण आहे. इथलं पाणी मुंबईच्या विजेसाठी गेलं, पवनेचं पिंपरी-चिंचवडला गेलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पवना जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, तीन शेतकरी दगावले. ज्यांनी पाणी दिलं त्यांनाच आता, ते घाण करू नका आणि त्याचा खर्चही तुम्हीच करा, असं सांगायचं, हे न्यायाचं वाटत नाही. आमचं म्हणणं असं की यावरचा मार्ग केंद्र न चालवणं हा नाही. मार्ग हा, की खोरं एक मानून खर्चही वाटून घ्यावा. वीज घेणाऱ्याने, पाणी घेणाऱ्या शहराने, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांकडून कमावणाऱ्या व्यवसायाने, सगळ्यांनी. नदीचा एक थेंब वरून खाली जाताना चार-पाच स्थानिक संस्थांच्या हद्दी ओलांडतो, आणि प्रत्येकीचं अंदाजपत्रक आपल्या वेशीवर थांबतं.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? तुमचं गाव लोणावळा असो, तळेगाव असो की आणखी कुठलं, तिथल्या केंद्राबद्दल चार प्रश्न विचारा. क्षमतेच्या मानाने रोज प्रत्यक्षात किती पाणी तिथे पोहोचतं? लाईट गेली की ब्लोअर कशावर चालतो? गाळ कुठे जातो? आणि शुद्ध केलेलं पाणी कुठे सोडतात किंवा कुणाला देतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळालं तर समजा की कुणीतरी मोजतंय. मोजणारा माणूस असेल तर बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळण्याची आशा असते.

भाज्याच्या त्या टाकीतलं पाणी भिक्षूंनी प्यायलं, वाटसरूंनी प्यायलं. देणाऱ्याला ते कोण हे माहीत नव्हतं, तरी त्याने टाकी दिली. खालच्या गावासाठी स्वच्छ पाणी सोडणं हेही त्याच जातीचं दान आहे. फक्त त्याची पावती वीजबिलाच्या रूपाने दर महिन्याला येते, आणि ती भरत राहावी लागते.